ब्रँडेड की असेंबल्ड? पन्नास वर्षांचा एक हिशेब

तुमच्या घरात पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल, तर गेल्या वर्षा-दोन वर्षांत तुमच्या फोनवर एक लिंक येऊन पडली असण्याची दाट शक्यता आहे. लिंक उघडली की काचेच्या भिंतींचा, आतून निळ्या-जांभळ्या दिव्यांनी उजळलेला एक डबा दिसतो आणि त्याखाली किंमत असते चार हजार डॉलर. कधी पाच हजार. मूल सांगतं, हा गेमिंग पीसी आहे, कॉलेजातही कामाला येईल. तुम्ही किंमत वाचता आणि तोंडातून आपोआप निघतं, "अरे, सुटे भाग आणून जोडला तर हाच निम्म्यात होईल!"

हे वाक्य तुमचं एकट्याचं नाही. ज्यांनी १९९० च्या दशकात किंवा २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पहिला कॉम्प्युटर घेतला, त्या सगळ्यांच्या अंगवळणी ते पडलेलं आहे. "ब्रँडेड घ्यायचा की असेंबल्ड?" हा प्रश्न तेव्हा घरोघरी चर्चिला जायचा आणि उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असायचं. ब्रँडेड म्हणजे नावाचे पैसे, शहाणा माणूस असेंबल्ड घेतो.

मी तंत्रज्ञानाच्या इतिहासावर संशोधन करतो. त्यामुळे ओळखीतली मंडळी "तुला यातलं कळतं" असं गृहीत धरून हा प्रश्न माझ्याकडे पाठवतात. माझं उत्तर थोडं लांबचं असतं, कारण माझ्या मते ते इतिहासातून गेल्याशिवाय नीट देता येत नाही. तयार यंत्राच्या किमतीत सुट्या भागांच्या बेरजेवर जे पैसे असतात, ते तीन गोष्टींचे असतात. एक, जोडणीचे श्रम. दोन, भाग स्वस्तात आणि वेळेवर मिळवण्याची ताकद. आणि तीन, यंत्र बंद पडल्यावर "हे माझं काम" म्हणणारा कोणीतरी. या तिघांची वजनं गेल्या पन्नास वर्षांत सारखी बदलत आली आहेत. आपण मात्र घासाघीस करतो ती पहिल्यावर, आणि तीच आज सगळ्यांत हलकी आहे.

अल्बुकर्कीहून येणारं पार्सल

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० नावाचा कॉम्प्युटर झळकला. तो बनवला होता न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की गावच्या एमआयटीएस या छोट्या कंपनीनं. कंपनीचे मालक एड रॉबर्ट्स तेव्हा कर्जात बुडालेले होते. गंमत म्हणजे मुखपृष्ठावरचा डबा आतून रिकामा होता. खरा नमुना मासिकाकडे पाठवताना वाटेतच गहाळ झाला, म्हणून फोटोपुरता दिवे आणि बटणं लावलेला खोका उभा केला गेला. दिव्यांच्या डब्याला भुलण्याची परंपरा अशी जुनी आहे.

आल्टेअर दोन प्रकारे विकत मिळे. सुट्या भागांचा संच ४३९ डॉलरला आणि कंपनीनं जोडलेला ६२१ डॉलरला. म्हणजे जोडणीसाठी १८२ डॉलर, संचाच्या किमतीच्या सुमारे ४१ टक्के जास्त. महाग वाटतं ना? पण त्या काळी जोडणी म्हणजे आजच्यासारखं चार स्क्रू आणि सहा केबल नव्हत्या. शेकडो जागी सोल्डरिंग करावं लागे आणि एखादा सांधा कच्चा राहिला, की दोष कुठे आहे हे शोधण्यात आठवडे जात. संच घेणाऱ्या अनेकांचं यंत्र कधी नीट चाललंच नाही. त्या ४१ टक्क्यांत खरोखरीचे श्रम होते.

पण त्याच आल्टेअरच्या किमतीत दुसरी गोष्टही लपलेली होती. त्याच्या पोटात इंटेलची ८०८० ही चिप होती आणि ती सुटी घ्यायला गेलं तर ३६० डॉलर पडत. रॉबर्ट्सनं घाऊक सौदा करून ती ७५ डॉलरला मिळवली. म्हणजे चिप, डबा, बटणं, वीजपुरवठा हे सगळं मिळून ग्राहकाला जवळपास एका चिपच्या भावात मिळत होतं. "सुटे भाग घेतले तर स्वस्त" हा नियम पर्सनल कॉम्प्युटरच्या पहिल्याच वर्षी खोटा ठरला होता. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियात स्टीव्ह जॉब्स आणि स्टीव्ह वॉझ्नियाक आपल्या सर्किटचा नुसता कोरा बोर्ड विकायच्या विचारात होते. माउंटन व्ह्यूमधल्या 'बाइट शॉप'चे मालक पॉल टेरेल यांनी त्यांना सांगितलं, की मला पन्नास नग हवेत, नगाला ५०० डॉलर देतो, पण भाग जोडलेले पाहिजेत. दुकानदाराला रोज गिऱ्हाईक भेटत होतं. सोल्डरिंगची हौस असणारे मोजके असतात आणि यंत्र वापरायची इच्छा असणारे पुष्कळ, हे त्याला कळलेलं होतं. ॲपल १ ची किरकोळ किंमत ६६६.६६ डॉलर ठेवली गेली. एवढ्या पैशांत कीबोर्ड, डबा आणि पडदा नव्हताच, तरी 'तयार' यंत्राचा धंदा इथूनच आकाराला आला म्हटलं तर चालेल.

आयबीएमनं उघडं ठेवलेलं दार

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमनं आपला पीसी बाजारात आणला. मूळ किंमत १,५६५ डॉलर, पण त्यात मेमरी फक्त १६ केबी आणि डिस्क ड्राइव्ह एकही नाही. कामाचं यंत्र हवं, तर पडदा आणि ड्राइव्ह धरून हिशेब तीन हजारांच्या आसपास जाई. आजच्या पैशात हे दहा हजारांच्या पुढे जातं. तेव्हा चार हजारांचा आकडा बघून "आमच्या वेळी नव्हतं बाई असं" म्हणायची सोय नाही.

आयबीएमला घाई होती, म्हणून फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या तिच्या चमूनं बाजारात मिळणारेच भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आत जादा कार्डं बसवायला पाच खाचा ठेवल्या आणि यंत्राची अंतर्गत रचना सांगणारं पुस्तकही छापून विकलं. फक्त बायोस हा छोटा प्रोग्रॅम आयबीएमच्या मालकीचा होता. १९८२ मध्ये टेक्सासात स्थापन झालेल्या कॉम्पॅकनं मूळ प्रोग्रॅम न पाहता, केवळ तो काय करतो याच्या वर्णनावरून आपला बायोस लिहून घेतला. १९८४ मध्ये फीनिक्स या कंपनीनं असा बायोस कोणालाही विकायला सुरुवात केली. दार सताड उघडलं. त्याच वर्षी मायकेल डेल हा टेक्सास विद्यापीठाचा विद्यार्थी हॉस्टेलच्या खोलीतून यंत्रं सुधारून विकू लागला.

१९८७ मध्ये आयबीएमनं दार पुन्हा लावून घेण्याचा प्रयत्न केला. पीएस/२ या नव्या यंत्रांत तिनं 'मायक्रो चॅनल' ही स्वतःच्या मालकीची खाच बसवली. जुनी कार्डं त्यात बसत नसत आणि नवी बनवायची तर आयबीएमला परवाना-शुल्क द्यावं लागे. कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी पुढच्या वर्षी एकत्र येऊन पर्यायी खाच जाहीर केली, आणि आयबीएमच्या हातून पीसीची सूत्रं हळूहळू निसटली. उत्तम अभियांत्रिकी असूनही ग्राहकानं बंदिस्त यंत्र नाकारलं. यातला धडा आजच्या काचेच्या डब्यालाही लागू पडतो. त्याकडे येऊच.

लॅमिंग्टन रोडचा न्याय

आता आपल्या घरच्या अंगणात येऊ. परकीय चलन कायद्याच्या अटींवरून वाद होऊन आयबीएमनं १९७८ मध्ये भारत सोडला होता. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारनं नवं संगणक धोरण आणलं, आयातीचे निर्बंध सैल झाले, आणि आयबीएम-सारखी यंत्रं देशात जोडली जाऊ लागली. १९९१ नंतर हा ओघ वाढला. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग आधीपासूनच मिळत होते. सरकारी कागदावर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी लॅमिंग्टनच. तिथे मदरबोर्ड, रॅम आणि हार्डडिस्क रचली जाऊ लागली. पुण्यात बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं होती, दिल्लीत नेहरू प्लेस.

त्या बाजारानं आपल्याला शब्दही दिले. अमेरिकेत ज्याला 'केस' म्हणतात त्याला आपण 'कॅबिनेट' म्हणतो, आणि 'पॉवर सप्लाय'ला 'एसएमपीएस'. परदेशी दुकानात "एसएमपीएस कोणता आहे?" असं विचारलंत, की समोरचा क्षणभर गोंधळतो.

असेंबल्डचा सौदा कसा असे, आठवून बघा. ओळखीचा एखादा मुलगा असे. कोणाचा तरी भाचा, नाहीतर क्लासमध्ये शिकवणारा. तो कागदाच्या चिठोऱ्यावर कॉन्फिगरेशन लिहून देई, दोन दुकानांचे भाव काढून आणी आणि रविवारी घरी येऊन यंत्र उभं करी. त्याचा मोबदला हजार-पाचशे आणि पोहे. महिन्याभरानं यंत्र अडलं, की फोन जाई आणि संध्याकाळी तो स्कूटरवरून हजर. "काही नाही काकू, फॉर्मॅट मारावा लागेल." रॅम गेली तर तोच दुकानात नेऊन बदलून आणी. दुकानदाराची वॉरंटी कागदावर, पण खरी वॉरंटी म्हणजे तो मुलगा.

आपण म्हणत आलो, की असेंबल्डमध्ये आपण ब्रँडचे पैसे वाचवले. इतिहास म्हणून बघितलं तर झालं होतं वेगळंच. ब्रँडेड यंत्राच्या किमतीत जी तिसरी गोष्ट असते, जबाबदारी घेणारा माणूस, ती आपल्याला बिलाबाहेर, ओळखीवर मिळत होती. त्या मुलाचा वेळ स्वस्त होता, तो हाकेच्या अंतरावर होता आणि आईच्या मैत्रिणीचा मुलगा असल्यानं त्याला 'नाही' म्हणता येत नव्हतं. लॅमिंग्टन रोडचा न्याय या तीन खांबांवर उभा होता. न्यू जर्सीत, स्लाऊमध्ये किंवा दुबईत राहायला आलो तेव्हा नियम सोबत आणला, खांब तिकडेच राहिले.

खेळणाऱ्यांसाठी शिवलेली यंत्रं

महागड्या गेमिंग पीसीचा जन्म मात्र वेगळ्या गरजेतून झाला. १९९० च्या सुरुवातीला डॉसवर गेम चालवणं हाच एक खेळ होता. ६४० केबी मेमरीत सगळं कोंबायचं, साउंड कार्ड आणि इतर कार्डांचं भांडण सोडवायचं, सुरुवातीच्या फायली हातानं लिहायच्या. यंत्र भारी असलं तरी गेम चालेलच असं नव्हतं. १९९२ मध्ये केल्ट रीव्ज यांनी फाल्कन नॉर्थवेस्ट ही कंपनी काढली. खास गेमसाठी जुळवून दिलेली यंत्रं विकणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी ती एक. १९९६ मध्ये मायामीत नेल्सन गोन्झालेस आणि ॲलेक्स अगिला या मित्रांनी एलियनवेअर सुरू केली. कॅनडातल्या कॅलगरीत राहुल सूद यांची वूडू पीसी होतीच.

त्याच १९९६ मध्ये 'क्वेक' आला आणि थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू हे ग्राफिक्स कार्डही. हे कार्ड फक्त त्रिमितीय चित्रं काढायचं. साध्या कामासाठी दुसरं कार्ड लागायचंच आणि दोन्ही बाहेरून एका केबलनं जोडावी लागत. १९९८ मध्ये इंटेलचा स्वस्त सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर पुष्कळदा ४५० वर पळवता येई, पण कोणता पळेल हे वापरून बघितल्याशिवाय कळत नसे. असले प्रयोग करून, तापमान मोजून, चाललेलं यंत्र हमीसह विकणं हा या छोट्या कंपन्यांचा धंदा होता. इथे जादा पैसा जोडणीचा नव्हताच. तो ज्ञानाचा होता, आणि ज्यानं यंत्र बनवलं तोच फोन उचलतो या खात्रीचा.

२००६ मध्ये डेलनं एलियनवेअर विकत घेतली आणि त्याच वर्षी एचपीनं वूडू पीसी. शिंप्याचं दुकान कापडाच्या गिरणीनं घ्यावं तसं झालं. मोठ्या कंपनीमुळे भाग स्वस्त मिळू लागले, म्हणजे दुसरं वजन वाढलं. पण यंत्र लाखांनी निघू लागलं, की बनवणारा आणि फोन उचलणारा हे एकच कसे राहणार? दरम्यान घरी जोडणंही पोरखेळ झालं होतं. इंटेलनं १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स या मापामुळे मदरबोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट कोणाचंही कोणालाही बसू लागलं. विंडोज कार्डांची भांडणं स्वतः सोडवू लागलं. आज पहिल्यांदाच जोडणारं मूल व्हिडिओ बघत एका शनिवार-रविवारी पीसी उभा करतं. आल्टेअरच्या काळचे ते ४१ टक्क्यांचे श्रम असे वितळून गेले.

टंचाईची वर्षं

मग २०२० आलं. त्या सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० हे कार्ड ६९९ डॉलरला जाहीर झालं आणि दुकानांतून काही मिनिटांत संपलं. एका बाजूला घरी अडकलेली माणसं, दुसऱ्या बाजूला चिपांचा तुटवडा, आणि तिसऱ्या बाजूला तीच कार्डं वापरून इथेरियम हे आभासी चलन 'खणणारे'. दलालांकडे कार्डं दुप्पट भावानं मिळत. न्यूएग या अमेरिकन दुकानानं २०२१ मध्ये चक्क सोडत सुरू केली, नंबर लागला तरच खरेदी.

अशा वेळी मोठ्या कंपन्यांचे घाऊक करार कामाला आले. त्यांच्या तयार यंत्रांत कार्ड बसवून येत होतं, आणि ते जवळपास मूळ भावानं धरलेलं असे. कार्ड हवं म्हणून लोक अख्खा डबा विकत घेऊ लागले. एड रॉबर्ट्सची ७५ डॉलरची चिप ४५ वर्षांनी पुन्हा हजर झाली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं आपली पद्धत बदलली, कार्डांनी खणणं बंद झालं आणि पारडं परत सुट्या भागांकडे झुकलं.

ते तसंच राहिलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० ची जाहीर किंमत १,९९९ डॉलर होती, पण दुकानात ते त्या भावानं मिळणं दीर्घकाळ दुरापास्त होतं. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉननं 'क्रुशल' या नावानं किरकोळ ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. सांगायचं एवढंच, की "सुटे भाग स्वस्त" की "तयार स्वस्त" याचं उत्तर महिन्यागणिक पालटतं. मागच्या वर्षी मित्रानं काय केलं, यावर आज ठरवू नका.

मग घ्यावा का?

आता त्या लिंककडे जाऊ. एका बैठकीत होईल असा हिशेब सांगतो.

सगळ्यांत आधी, एवढं भारी यंत्र हवंच आहे का ते बघा. आरटीएक्स ५०८० ची जाहीर किंमत ९९९ डॉलर, ५०९० ची १,९९९. दुप्पट पैशांत दुप्पट वेग मिळत नाही, आणि मुलाच्या टेबलावरचा पडदा ४के नसेल, तर मिळालेला वेगही बराचसा वाया जातो. शिखराजवळची शेवटची पायरी नेहमीच सर्वांत महाग असते. ब्रँडेड-असेंबल्डच्या वादात जितके पैसे वाचतील त्याहून जास्त इथे वाचू शकतात.

मग विक्रेत्याकडून प्रत्येक भागाचं पूर्ण नाव मिळवा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचं नाव सगळे ठळक छापतात. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि रॅमचा वेग सांगताना आवाज बारीक होतो, आणि काटकसर तिथेच केलेली असते. ३२ जीबी रॅम दोन पट्ट्यांत विभागलेली असेल, तर एका पट्टीपेक्षा काम जास्त जलद होतं. ५७५ वॅटपर्यंत वीज खाणारं कार्ड लावलं असेल, तर एसएमपीएस त्या तोलामोलाचा हवा. पुढून सबंध काच लावलेल्या डब्यात हवा कुठून शिरते, हेही बघा. विक्रेता ही नावं सांगायलाच तयार नसेल, तर पुढचा हिशेब करायची गरज नाही.

नावं मिळाली, की त्याच भागांची आजची किंमत मांडा. विंडोजचा परवाना आणि कर धरायला विसरू नका. समजा डबा ४,००० चा आहे आणि बेरीज ३,४०० आली. फरक ६०० डॉलर, म्हणजे सुमारे १८ टक्के. बेरीजच ४,००० च्या वर गेली, तर वाद मिटला. फरक हजाराच्या पुढे गेला, तर त्या हजारात काय आहे ते विक्रेत्यानं पटवून द्यायला हवं.

चौथी गोष्ट पीएस/२ ची. मदरबोर्ड आणि एसएमपीएस प्रमाणित एटीएक्स मापाचे आहेत का, हे विचारा. काही मोठ्या कंपन्या स्वतःच्या खास मापाचे भाग बसवतात. मग तीन वर्षांनी एसएमपीएस गेला, तर बाजारातला बसत नाही, आणि नवा मदरबोर्ड घालून यंत्राचं आयुष्य वाढवता येत नाही. २०२५ मध्ये डेलनं एलियनवेअरचं 'एरिया-५१' हे जुनं नाव परत आणलं, तेव्हा प्रमाणित मापाचे भाग बसतात ही गोष्ट आवर्जून सांगितली. आयबीएमला जे कळायला किंमत मोजावी लागली, ते ग्राहक आजही विसरलेला नाही.

शेवटची आणि माझ्या मते निर्णायक गोष्ट म्हणजे जबाबदारी. वॉरंटी किती वर्षांची, हे वाचून थांबू नका. यंत्र दुरुस्त कुठे होणार? तंत्रज्ञ घरी येतो, की वीस-पंचवीस किलोचा डबा तुम्हीच खोक्यात भरून पाठवायचा? जाण्या-येण्याचा खर्च कोणाचा? मूळ खोकं आणि आतला फोम ठेवून द्या. जड ग्राफिक्स कार्ड प्रवासात हिंदकळलं, तर खाचेसकट मोडू शकतं. आणि तुमचा देश बदलण्याची शक्यता असेल, तर वॉरंटी सोबत येते का, हे लेखी विचारा. पुष्कळदा ती विकत घेतलेल्या देशापुरतीच असते. माझ्यासारख्या दर दोन-तीन वर्षांनी विद्यापीठ आणि कधी खंड बदलणाऱ्या माणसासाठी ही अट किमतीहून मोठी ठरते.

कायदा काय देतो, हेही माहीत असावं. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. अमेरिकेत १९७५ चा, म्हणजे आल्टेअरच्याच वर्षीचा, मॅग्नसन-मॉस कायदा आहे. तुम्ही स्वतः दुसऱ्या कंपनीची रॅम बसवली, एवढ्यावरून कंपनी सबंध वॉरंटी नाकारू शकत नाही. डब्यावरचं "हे फाटलं तर वॉरंटी रद्द" असं स्टिकर बघून घाबरायचं कारण नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०१८ मध्ये अशा दाव्यांबद्दल सहा कंपन्यांना इशारा दिला होता. सुटे भाग घेतलेत, तर प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, आणि दोष नेमका कोणाचा हे शोधायचं काम तुमचं. हीच ती आपल्याला फुकट वाटलेली मजुरी.

विद्यापीठांच्या प्रयोगशाळा हा हिशेब फार पूर्वी शिकल्या. ज्या प्रयोगशाळांत मी काम केलं, तिथे आकडेमोडीची यंत्रं सुट्या भागांहून बरीच महाग पडत आणि तरी तयारच घेतली जात. कारण साधं. यंत्र तीन दिवस बंद पडलं, तर चार जणांचं काम थांबतं, आणि त्या चौघांतला कोणी एसएमपीएस तपासत बसला, तर त्याचा पगार यंत्रात जातो. तिथे सहाशे डॉलर स्वस्त आहेत.

घरचं गणित वेगळं आहे. तिथे यंत्र तीन दिवस बंद राहिलं, तर बिघडत काही नाही. उलट त्या तीन दिवसांत सोळा वर्षांचं मूल मल्टिमीटर हातात धरून शिकलं, तर सहाशे डॉलरची शिकवणी फुकट झाली. तेव्हा मुलाला विचारा, की बिघडलं तर तू उघडशील का? मनापासून 'हो' आलं, तर सुटे भाग आणा, टेबल मोकळं करून द्या आणि मध्ये बोलू नका. स्कूटरवरून येणारा मुलगा इथे नाही. तुमच्या घरातच तो तयार होत असेल, तर त्याला संधी द्या. उत्तर "माहीत नाही" असं आलं आणि तुमच्याकडेही वेळ नसेल, तर पंधरा-वीस टक्के जास्त देऊन तयार यंत्र घेण्यात उधळपट्टी नाही. तुम्ही नावाचे पैसे देत नसता. काकूंनी पोह्यांत भागवलेली गोष्ट तुम्ही रोखीनं घेत असता.

फक्त ती गोष्ट खरोखर मिळते आहे याची खात्री करून घ्या. पैसे भरण्याआधी त्या कंपनीच्या दुरुस्ती विभागाला एकदा फोन करा. विक्री विभागाला नको, ते लगेच उचलतात. एसएमपीएस कोणत्या मापाचा आहे आणि डबा परत पाठवायचा खर्च कोणाचा, एवढंच विचारा. कोण उचलतं, किती वेळानं उचलतं आणि उत्तर ठाऊक असतं का, यावरून त्या सहाशे डॉलरचं काय होणार आहे ते तुम्हाला कळेल.